रंग न दिलेला तुकडा

नोंक ओलियस एकदा, फक्त एकदा खोटं बोलला असता, तर ते काम एका सकाळीत उरकलं असतं. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय, म्हणून इथे लिहायलाही मला लाज नाही.

नोंक म्हणजे आमच्या बोलीत काका. माझा तो सख्खा काका नाही, पण आमच्या खाडीवर वय झालेला प्रत्येक माणूस नोंकच असतो. ओलियसने जन्मभर खेकडे पकडले. घर खांबांवर, होडी दाराशी. होडीखाली घालायचा एक ट्रेलर होता, तो वादळ आलं की बाहेर काढायचा. पाण्यातून होडी ओढायची, रस्ता ओलांडायचा, मागच्या अंगणात बांधून ठेवायची. एवढ्याशा अंतराला नंबर प्लेट कोण मागतो?

मग खाडीने जमीन गिळली आणि सरकारने आम्हाला उत्तरेला, उसाच्या शेतांमध्ये आणून बसवलं. घरं बरी आहेत. बरी असणारच, त्यांच्यासाठी मी सरकारी बैठकांत टेबलं बडवलीत. पण होडी घेऊन पाण्यापर्यंत जायचं तर आता हमरस्ता लागतो, आणि हमरस्त्यावर पोलीस असतो. पहिल्या खेपेला त्याने ओलियसला समज देऊन सोडलं. "पुढच्या वेळी प्लेट नसेल तर ट्रेलर माझ्याकडे राहील, सर," म्हणाला.

म्हणजे हिशोब सरळ होता. प्लेट नाही तर पाणी नाही. पाणी नाही तर ओलियसने करायचं काय? दारातलं गवत कापायचं?

"टीव्हीसमोर बसून मरेन," तो म्हणाला. रागाने नाही, थकून. त्याच्या आवाजातला तो थकवा मला सहन होत नाही, म्हणून मी गाडी काढली आणि त्याला गाड्यांच्या नोंदणीच्या ऑफिसात घेऊन गेले.

मालकीचा कागद नव्हताच. ट्रेलर खाडीवरच्याच व्हिटनीकडून घेतलेला. व्हिटनीने हात मिळवला, कालवांचं एक पोतं घेतलं, व्यवहार संपला. आता व्हिटनीही मेला. ऑफिसातल्या मिस रोशेलने नियम सांगितला: ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर कारखान्याने ठोकलेला नंबर असतो. ट्रेलर तपासणीला आणा, नंबर दाखवा, तो कोणाच्या नावावर आहे ते आम्ही शोधतो, मग पुढचं बघू. बाई वाईट नव्हती. हे मला आज कळतंय, त्या दिवशी मी तिच्याशी नीट बोललेही नाही.

ओलियस घरी आला आणि खाऱ्या पाण्यावरचा कुठलाही माणूस करेल तेच त्याने केलं. गंज दिसला की आमच्या माणसाचा हात आपोआप ग्राइंडरकडे जातो. गंज ठेवला तर लोखंड जातं, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. त्याने ती दांडी घासून चकचकीत केली आणि वर होडीचा पांढरा रंग चढवला. एकावर एक, जाड.

"लग्नाला माझ्या गालालासुद्धा एवढा रंग नव्हता लागला," त्याची बायको एनोला मला म्हणाली.

"साहेब बघणार ना!" ओलियस म्हणाला. "घाणेरडं कसं न्यायचं?"

तपासणीच्या दिवशी तपासणीवाला वाकला. दांडीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, नखाने रंग खरवडला.

"नंबर कुठाय?"

"तिथेच. होता."

"इथे ग्राइंडर चाललाय."

"हो, मीच चालवला," नोंक अभिमानाने म्हणाला. मी त्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. नंबर घासून काढलेला ट्रेलर म्हणजे सरकारच्या डोळ्यात चोरीचा ट्रेलर. त्या माणसाने जप्ती केली नाही, फक्त नापास लिहिलं आणि ओलियसकडे असं बघितलं, की माझ्या डोक्यात तिडीक गेली. सत्तरीचा माणूस, दुसऱ्याच्या पिंजऱ्यातला खेकडा कधी उचलला नाही!

पुन्हा रोशेल. मी तिच्या काउंटरवर काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तिने ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मिस्टर ओलियस, घरी बनवलेल्या ट्रेलरला आम्ही नवा नंबर देतो. हा तुम्ही स्वतः बनवला, असं शपथेवर लिहून द्या. बनवलात ना?"

"नाही. व्हिटनीकडून घेतला."

"नोंक!" मी ओरडले.

रोशेलने पेन खाली ठेवलं. "हे मी ऐकलं नाही. परत विचारते. ट्रेलर तुम्ही बनवलात का?"

ओलियसला वाटलं बाईला कमी ऐकू येतं. तो पुढे वाकला आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा ओरडला, "व्हिटनीकडून घेतला, मॅडम! तो आता मेला!"

गाडीत मी त्याला सोडलं नाही. "सगळे करतात हे नोंक. सगळे! ती बाई तुला हाताला धरून बाहेर काढत होती."

"हात वर करून शपथ घ्यायची म्हणते ती."

"मग घे की! तुझा हात काय झिजणारे?"

तो उसाकडून माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "मोठं वादळ झालं, तेव्हा भरपाईच्या अर्जावर काय लिहायचं ते आम्हाला कोणी सांगितलं, पोरी? जो फ्रिज नव्हता तो लिहू नका, एकाने खोटं लिहिलं की सगळ्या खाडीला खोटारडी म्हणतील. खुर्चीवर उभी राहून ओरडत होतीस."

मी रेडिओ लावला, मोठ्याने.

पुढच्या आठवड्यात एनोलाचा फोन आला. "ये आणि बघ तुझ्या काकाला. चांगला ट्रेलर कापतोय."

खरंच कापत होता. पुढची दांडी तोडलेली, चौकट तुकडे होऊन गवतावर पडलेली. दुकानातून नवं लोखंड आणलेलं, पावती एनोलाच्या कॉफीच्या डब्यात. चाकं आणि आस तेवढे जुने ठेवणार होता, त्याची परवानगी रोशेलकडून फोनवर घेतली होती.

"जो ट्रेलर होता तोच पुन्हा बनवतोयस?" मी विचारलं.

"हो. पण आता मी बनवतोय."

उन्हात तो थोडं वेल्डिंग करायचा, उलट्या बादलीवर बसायचा, परत उठायचा. उठताना गुडघ्यावर हात. खेकड्याचा सगळ्यात चांगला हंगाम त्या बादलीवर गेला. बाकीचे रोज टोपल्या भरून आणत होते आणि हा ठिणग्यांनी गवत जाळत होता. एनोला बादलीशेजारी भात आणि शेंगांची आमटी आणून ठेवायची. नियमाला शिव्या द्यायच्या की काकाला, तेच ठरेना, आणि एकाच वेळी दोघांना देण्याइतकं बळ माझ्यात उरलं नव्हतं.

ऑफिसात जाताना त्याने कापलेली जुनी दांडीही सोबत घेतली आणि काउंटरवर आडवी ठेवली.

"हे काय?" रोशेल दचकली.

"चोरीचा संशय आहे ना? तुमच्याकडे राहू दे."

"मिस्टर ओलियस, मी हे ठेवू कुठे? माझ्या ड्रॉवरमध्ये?" पण हसताना तिचे डोळे ओले झाले. मग तिने त्याला शपथ दिली. त्याने हात वर केला, ताठ, आणि 'मी बनवला' असं इतकं जोरात म्हणाला, की रांगेतले लोक वळून बघायला लागले.

तपासणी पास झाली. तोच माणूस होता. त्याने नवा नंबर कागदावर दिला आणि तो ओलियसने स्वतःच पंच-हातोडीने दांडीवर ठोकला. शेवटचा आकडा जरा तिरका बसला.

"यावर रंग नको हं," तपासणीवाला म्हणाला. "घासायचं तर मुळीच नाही. वाचता आला पाहिजे."

"गंजेल की."

"वाचता येईल तोवर गंजू दे."

प्लेट लागली. आता ओलियस पहाटे हमरस्त्याने पाण्यावर जातो. हंगाम ओसरलाय, पिंजरे अर्धे रिकामे येतात, पण जातो. परवा धक्क्यावर भेटला तेव्हा होडी ट्रेलरवर चढवून झाली होती. सगळा ट्रेलर पांढरा शुभ्र, फक्त नंबरापुरता पंजाएवढा तुकडा उघडा, लोखंडाच्या रंगाचा. जुन्या शर्टाच्या चिंधीला ग्रीस लावून तो प्रत्येक आकडा पुसत होता.

"दमलास नोंक?"

"हो," तो म्हणाला आणि चिंधी माझ्यासमोर धरली. तिला तांबूस गंज लागायला सुरुवात झाली होती.