चंद्रावरचा पहिला गिलास

मोठी माय तहानलेली गेली.

आज वर्ष झालं.

माझ्या मोठ्या बाबांची, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची, बायको. राहणार केशोरी. किडन्या गेल्या, म्हणून शेवटचे काही महिने गोंदियात माझ्या रूमवर, कुडव्याला. डायलिसिससाठी.

डॉक्टरनं पाणी बांधून दिलं होतं. दिवसभरात एक छोटी बाटली. बस.

आणि हे कोणाला?
तर जिच्याशिवाय आमच्या मोहल्ल्यात कोणाचा बोर सुरू झाला नाही, तिला.

आमच्याकडे नव्या बोरला पाणी लागलं की पहिला गिलास मोठ्या मायला. ती तोंडात घोळवणार. घरमालक श्वास रोखून उभा. मग ती गिळणार आणि म्हणणार, "गोड आहे."

दरवेळी गोडच!

एकदा शेजारच्या बोरला अख्खा लोखंडाचा वास. तरी हिचं गोड. सगळे हसले. "मोठी माय, तुमची जीभ गेली आता!"

ही म्हणे, "नव्या सुनेले पयल्याच दिवशी नाव ठेवतेत का रे? उपसा चार दिवस. मंग बोला."

आणि उपसल्यावर खरंच बरं झालं ते पाणी. पिण्यासारखं.

तर, चंद्र.

डायलिसिसला चार-चार तास बसायचं. मी टाइमपास म्हणून फोनवर काहीतरी वाचून दाखवायची. एकदा चांद्रयानाचं वाचलं. चंद्रावर पाणी आहे, आपल्या यानानं वरूनच ओळखलं.

ती झोपून होती. एकदम डोळे उघडले.

"वरून कसं का ओरखलं?"

"परत येणाऱ्या उजेडावरून, मोठी माय. पाणी असलं की उजेडात फरक पडते."

"उजेडावरून! अन् पिऊन कोनं पायलं?"

"कोणीच नाही."

"मंग कायले बोंबलून राह्यले?"

बाजूच्या बेडवरचे काका इतके हसले की सिस्टर धावत आली.

पण त्या दिवसापासून तिला नादच लागला. स्कूटीवर मागे बसली की कानाशी सुरू. "आज का म्हनते तुयं चंद्राचं पानी?"

मग मी शोधून शोधून वाचायची. एक रिकामं रॉकेट मुद्दाम चंद्राच्या खड्ड्यात आपटलं. मागून दुसरं यान आलं, उडालेल्या धुळीत पाणी शोधायला.

"म्हंजे बोरच मारला."

"हो. बोरच."

"लागलं का?"

"लागलं. बर्फ आहे. त्या खड्ड्यात कधीच ऊन पडत नाही."

त्या वेळी तिच्या तोंडात बर्फाचा खडा होता. तहान फारच झाली की माझ्या फ्रीजमधला एक छोटा खडा द्यायची. तेवढीच परवानगी.

तिनं तो या गालातून त्या गालात केला. डोळे मिटले.

"असाच असन?"

मला काय माहीत, मोठी माय. पण मी म्हटलं, असाच.

पुढचं सांगू की नको, असं झालं होतं मला. मग सांगूनच टाकलं. त्या धुळीत पाण्यासोबत पारा निघाला. अमोनिया. आणि सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस.

मला वाटलं, नाक मुरडेल.

"मंग का झालं? बोर नवा आहे. उपसू दे त्याईले."

इतकी सिरियसली म्हणाली, की मला हसताच आलं नाही.

शेवटच्या आठवड्यात चंद्राचं विचारणं बंद झालं. एकच सुरू होतं.

"एक गिलास दे पोरी. भरून. कोनी पाहत नाही."

"मी पाहून राहिली ना."

"तू डोरे मीट."

नाही दिला. पाणी छातीत भरायचं तिच्या, श्वास लागायचा. हे तिलाही पक्कं ठाऊक होतं. तरी विचारायची. मग स्वतःच हसायची. "मोठी कडक आहे बाई तू."

मी ओल्या कापडानं ओठ पुसून द्यायची.

तशीच गेली.

मी अजूनही वाचते. सवय लागली. कोणी चंद्राच्या दक्षिण टोकावर उतरून राहिलं, कोणी तिथं खोदायची मशीन न्यायचा प्लॅन करून राहिलं. सगळे पाण्याच्याच मागे. किती आहे, किती खोल आहे, रॉकेटचं इंधन होईल का, माणसं राहतील का.

चव कशी आहे, हे कोणीच विचारत नाही.

मोठी माय, पाणी आहे तिथं. पण अजून कोणी तोंडाला लावलं नाही.

म्हणजे आपल्या मोहल्ल्याच्या रीतीनं पहिला गिलास तुझाच.

उपसून झालं की घे. काठोकाठ भरून.

मी डोळे मिटले आहेत.