बेचाळीस पावलांचा फोन

आमच्या घरी फोन आला तेव्हा केडगावात आमच्या गल्लीत तो एकटाच होता. काही वर्षं नंबर लावून ठेवला होता. शेवटी एके दिवशी खात्याचा माणूस आला, तार ओढून मधल्या खोलीत नेली आणि भिंतीवर एक डबी ठोकून काळा फोन जोडून गेला. मधली खोली आजोबांच्या वेळची, दगडी. तिथंच देव, तिथंच आईचं लोखंडी कपाट, आणि आता तिथंच फोन. आईनं त्यावर विणलेला रुमाल घातला.

आठवड्याभरात आमचा नंबर अर्ध्या गल्लीचा पी.पी. नंबर झाला. आजच्या मुलांना हे सांगावं लागतं. ज्याच्याकडे फोन नाही त्यानं नातेवाइकांना शेजाऱ्याचा नंबर द्यायचा, आणि फोन आला की शेजाऱ्यानं हाक मारायची. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, हायस्कुलात शिक्षक, लग्न व्हायचं होतं. घरात आई आणि मी. लोकांना हाका मारायला मला आवडायचं. आपण उपयोगी पडतो असं वाटायचं.

समोरच्या घरातल्या वहिनींचा फोन दर रविवारी सकाळी साडेनऊला यायचा. त्यांची मुलगी औरंगाबादला नर्सिंग शिकायला गेली होती. पहिलंच वर्ष, पहिल्यांदाच घराबाहेर. हॉस्टेलजवळच्या बूथवरून ती फोन करायची आणि बहुतेक वेळा रडायची. वहिनी आमच्या मधल्या खोलीत खुर्चीवर बसून तिला धीर द्यायच्या. "दोन वर्सं अशी जातील बग. जेवलीस का? आदी जेव, मग रड." मी बाहेरच्या खोलीत वह्या तपासत ऐकायचो आणि मनातल्या मनात हसायचो.

ते कुटुंब बौद्ध. आमची समोरासमोरची दारं, सणावाराला बोलणं, अडीअडचणीला धावणं, सगळं होतं. मात्र वहिनी फोन ठेवून गेल्या की आई उठायची, फडकं ओलं करायची आणि आधी रिसीव्हर पुसायची, मग खुर्ची. गल्लीतल्या दुसऱ्या कुणाच्या मागे ती असं करत नसे. मला ते दिसत होतं. मी स्वतःला सांगायचो, धूळ असते. एवढा शिकलेला माणूस मी, आणि धुळीवर विश्वास ठेवत होतो.

एका रविवारी वहिनी चष्मा विसरल्या म्हणून परत आल्या. आईच्या हातात फडकं होतं, खुर्चीची पाठ अजून ओली होती. वहिनी उंबऱ्यात क्षणभर थांबल्या. "चष्मा राहिला," एवढंच म्हणाल्या. मी तो नेऊन त्यांच्या हातात दिला. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही आणि टाळलंही नाही.

पुढच्या रविवारी मी हाक मारली तर त्या ओट्यापर्यंत आल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. "सर, तुमीच सांगा तिला, आई बरी हाय म्हनून." मी आत जाऊन तसं सांगितलं.

खरं तर त्या दिवशी मला आईशी बोलायला हवं होतं. मी काय केलं, तर बिनवायरचा फोन घ्यायचं ठरवलं. कॉर्डलेस. त्याचं नाव नुकतंच ऐकू येऊ लागलं होतं. रिसीव्हर हातात घेऊन वहिनींच्या घरी नेऊन दिला की त्यांना आत यायला नको, आईला पुसायला नको आणि मला तोंड उघडायला नको. आईशी दोन शब्द बोलण्यापेक्षा पगारातला मोठा भाग घालवणं मला सोपं वाटलं.

तो किती लांब चालायला हवा हे कळावं म्हणून मी मधल्या खोलीपासून पावलं मोजत निघालो. वहिनींच्या उंबऱ्याशी बेचाळीस झाली. तिथून मागे फिरलो.

नगरला कापड बाजारामागच्या गल्लीत एक दुकान होतं. दुकानदारानं विचारलं, "किती लांब न्यायचाय?"

"बेचाळीस पावलं."

"पावलं मोजून आलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय. जमीन घेताय का फोन?" त्यानं तीन खोकी समोर ठेवली. "हा मोकळ्या मैदानात शंभर मीटर जातो. तुमच्याकडं मैदान आहे का?"

"घर आहे."

"मग भिंती किती आणि कसल्या ते तुम्हालाच माहीत. त्याची हमी मी देत नाही."

मी सर्वांत लांब एरिअलचा निवडला. त्याचा एक ठोकळा असायचा, तो फोनच्या डबीला आणि विजेला जोडायचा, आणि रिसीव्हर घेऊन फिरायचं. डबी होती कपाटामागे, म्हणून ठोकळाही कपाटामागेच ठेवला. जुना काळा फोन तसाच जोडलेला ठेवला, कारण लाईट गेले की ठोकळा मुका व्हायचा.

रविवारी रिसीव्हर घेऊन मी वहिनींच्या दारात गेलो तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी तो घेतला. "आमच्यासाठी इतका खर्च केलात, सर," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. मी "त्यात काय" म्हणालो. आयुष्यात माझे आभार पुष्कळांनी मानले असतील, पण ते आभार घेताना वाटली तेवढी लाज कधी वाटली नाही.

आणि फोन नीट चाललाच नाही. दगडी भिंत, मध्ये लोखंडी कपाट. वहिनींच्या दारात पोचेपर्यंत नुसती खरखर. त्या अंगणात इकडून तिकडे फिरायच्या, एरिअल कधी वर, कधी आडवं. पाण्याच्या टाकीजवळ एका कोपऱ्यात दोन-चार शब्द यायचे, म्हणून उन्हात तिथं उभ्या राहायच्या. "काय म्हनलीस? परत बोल. बाई गं, परत बोल." मी एकदा म्हणालो, "वहिनी, आत या ना, काळ्या फोनवर बोला." माझ्या आवाजात किती जोर होता ते त्यांना कळलं असणार. "नको सर, येतंय थोडं थोडं," त्या म्हणाल्या.

असे पाच-सहा रविवार गेले. मग एकदा फोन मधेच तुटला आणि लगेच परत वाजला. मी आत काळा फोन उचलला. "काका, आईला माझं काहीच जात नाही," ती मुलगी म्हणाली. "तिला सांगा, पुढच्या रविवारी शेवटचा फोन करीन आणि सोमवारच्या एसटीनं घरी येईन. मला नाही जमत इथं."

मी जाऊन सांगितलं. वहिनी टाकीपाशी बसल्याच. मग म्हणाल्या, "एकदा नीट बोलाय मिळालं तर थांबवीन मी तिला. आवाज तर जायला पायजे."

त्यांचे पती, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, वीज मंडळात वायरमन होते. पुढच्या रविवारी साडेआठलाच ते पक्कड घेऊन आमच्या ओट्यावर हजर झाले. "सर, ठोकळा आत कोंडलाय. भायेरच्या खिडकीत आनला तर सरळ आमच्या दारात आवाज येईल. तार तेवढी वाढवावी लागंल."

मी दारात उभा. ते बाहेर उभे. मधल्या खोलीत आई फुलं निवडत बसलेली. मी वळून आईकडे पाहिलं, तेव्हा तेच म्हणाले, "तुमी करा. मी हितनं सांगतो."

आणि मी करू लागलो. ही गोष्ट आठवली की आजही मान खाली जाते. रोज खांबावर चढणारा माणूस उंबऱ्याबाहेर उभा राहून सांगतोय, आणि इतिहास शिकवणारा मी कपाट सरकवून डबी उघडतोय. "लाल धरा. वढू नका. वढू नका म्हनलं ना." मी ओढलीच. तार तुटून टोक भिंतीतल्या भोकात गेलं. काळा फोन उचलून कानाला लावला, तर काहीच नाही. घड्याळात नऊला दहा कमी.

दादांना आवाजावरून कळलं. त्यांनी पक्कड पुढं केली नाही, पायही पुढं टाकला नाही. फक्त पलीकडे आपल्या दाराकडे पाहिलं. वहिनी रिसीव्हर मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसल्या होत्या.

"दादा, आत या," मी म्हणालो. आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो.

त्यांनी चपला काढल्या, पाय झटकले आणि आत आले. भोकापर्यंत हात पुरेना म्हणून मी घाईत पाट पुढं केला.

"तो नको, हालतोय," आई मान वर न करता म्हणाली. "स्टूल दे त्याला."

"काकू, रोज खांबावर चढतो मी."

"खांब हालत न्हाई. पाट हालतो. पडलास तर तुझी बायको मला बोलंल."

दादा हसले. मीही हसलो. त्यांनी भिंतीतून टोक बाहेर काढलं, जोड दिला, खिळ्याखिळ्यानं तार चौकटीवरून फिरवून बाहेरच्या खिडकीत आणली. ठोकळा खिडकीत बसवला, एरिअल उभं केलं. काळ्या फोनमध्ये सूर आला तेव्हा सव्वानऊ होऊन गेले होते.

ते हात पुसत असताना मी म्हणालो, "दादा, हा फोन मी तुमच्या सोयीसाठी घेतला नव्हता. आमच्या..."

"ठावं हाय," ते म्हणाले. "पावलं मोजत आल्तात त्या दिशी. मी दाराआड दाढी करत हुतो. आमच्या उंबऱ्यापत्तर आलात आन् माघारी फिरलात. बायकोला म्हनलं, सर दारात आले आन् चा बी न घेता गेले."

ते पुढं म्हणाले, "तवाच कळलं. पन पोरीचा फोन महत्त्वाचा. तुमचं तुमी बघाल कवातरी."

फोन वाजला. समोर वहिनींनी रिसीव्हर कानाला लावला आणि पहिल्यांदाच उठून कुठं गेल्या नाहीत. बसल्या जागी बोलू लागल्या, हळू आवाजात.

"आता तरी चला, चा घ्या," दादा म्हणाले.

आई फडकं भिजवायला उठत होती. त्या दिवसापासून तिचं फडकं सुटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी एवढंच म्हणालो, "आई, राहू दे." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि स्टूल तसंच ठेवून ती पुन्हा फुलांपाशी बसली. पुढं कधी मी नसताना तिनं पुसलं असेलही. माझ्यासमोर नाही.

ती मुलगी सोमवारी आली नाही. शिकली, नोकरीला लागली. आईच्या शेवटच्या आजारपणात तीच येऊन सलाईन लावायची, आणि आई तिचा हात धरून ठेवायची. आता त्याच खिडकीत आमचा वायफायचा राउटर आहे. कुठं बसवायचा हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. दादा असते तर म्हणाले असते, "सर शिकले."

त्या सकाळी मी दादांच्या मागून त्यांच्या घरात शिरलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. वहिनी उंबऱ्यावरून थोड्या सरकल्या आणि मला वाट दिली. "पेटी सोड आदी," त्या पोरीला सांगत होत्या. "कपडे काढून ठिव परत. मी ऐकतीय, बोल." मधेच माझ्याकडे बघून त्यांनी मोकळ्या हातानं बसायची खूण केली. मी बसलो. चहा आला.