योगराज सर आणि ग्रुपवरची पोच

सावद्याजवळच्या आमच्या वस्तीत योगराज सर पूर्वी रोज संध्याकाळी दिसायचे. सायकलवरून उतरायचेही नाहीत. एक पाय ओट्याला टेकवून ओरडायचे, "पुष्पाबाई, पियुष उद्या शाळेत दिसला पाहिजे!"

पुष्पाबाई आतून ओरडायची, "घेऊन जा मास्तर, तुमच्याच घरी ठेवा त्याले!"

गल्ली हसायची. निरोप पोचायचा.

मग वरून हुकूम आला. पालकांचा ग्रुप करा, निरोप त्यावरच टाका, टाकल्याचा स्क्रीनशॉट आम्हाला पाठवा. हुकूम काढणाऱ्यांनी आमच्याकडचा फोन कधी पाहिलाय का? घरात एकच असतो आणि तो बापाबरोबर केळीच्या मळ्यात जातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, काचेवर केळीच्या चिकाचे काळे डाग. पण सरांनाही ते बरंच पडलं. हे मी त्यांच्या तोंडावर बोललोय, म्हणून इथंही लिहितो. गुडघे दुखत होते, घरबसल्या काम होत होतं. सायकल भिंतीला लागली ती लागलीच.

देवचंदभाऊंची मृणाली आठवीत होती. गरीब घरच्या पोरांसाठी असलेल्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेत आमच्या शाळेतून कोणी निघेल तर ती, हे सगळ्यांना माहीत. ती परीक्षा आठवीतच देता येते, एकदाच. दिवाळीच्या सुट्टीत सरांनी ग्रुपवर टाकलं: फॉर्मसाठी उत्पन्नाचा दाखला शुक्रवारपर्यंत आणून द्या, वाचलं की कळवा. पाच मिनिटांत देवचंदभाऊंच्या नंबरावरून जोडलेले हात आले. सरांनी नावापुढे खूण केली.

शुक्रवार गेला, दाखला आला नाही. सरांना वाटलं, बापालाच पोरीला बसवायचं नसेल. घरी जाऊन विचारलं? नाही विचारलं.

शाळा उघडली. मृणाली म्हणाली, "सर, फॉर्म कधी भरायचा?" सरांनी त्याच दिवशी देवचंदभाऊंना बोलावलं. ते सुट्टीभर फोनसकट कापणीच्या टोळीबरोबर बऱ्हाणपूरकडे होते.

"भाऊ, मग हात का जोडले?"

"तुमचा फोटो दिसला की मी जोडतो, सर. मास्तर बोलले अन् आपण गप राह्यलो, बरं दिसते का? वाचता कुठं येते मले?"

मी देवचंदभाऊंचा शेजारी, दोघांना घेऊन जळगावला शिक्षण खात्याच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाबूनं स्क्रीनशॉट काढून आमच्यासमोर धरला. "पालकानं पोच दिलीय."

"पोच कसली? नमस्कार केलाय माणसानं!" मी टेबलावर हात आपटला.

"इथं आवाज करायचा नाही."

सर पुढं झाले. "चूक माझी आहे, तसं लिहून घ्या. पण पोरीला बसू द्या."

बाबू हसला. "सर, तारीख गेली. आणि तुमचं रेकॉर्ड स्वच्छ आहे, कशाला घाण करता?"

एसटीनं आम्ही परत आलो. वस्तीत मृणालीनं तिघांना पाणी दिलं. तिला सांगावं लागलं नाही, बापाचं तोंड पाहूनच कळलं. रिकामा तांब्या उचलताना ती एवढंच म्हणाली, "सर, तुम्ही आधी सायकलवर यायचे ना?"

मी त्या दिवशी त्यांना वाचवायला तोंड उघडलं नाही.

आता सर पुन्हा सायकलवर येतात, गुडघ्याला पट्टा बांधून. ऑफिसला त्याचं काही नाही, त्यांना ग्रुपचा स्क्रीनशॉट लागतो. म्हणून सर आधी ग्रुपवर निरोप टाकतात. मळ्यातून देवचंदभाऊंचे जोडलेले हात येतात. मग सर सायकल काढतात, तोच निरोप तोंडी सांगायला त्यांच्या दारात येतात.

मृणाली नववीत आहे. सरांची घंटी वाजली की ती आत निघून जाते.