चाचांनी अंगावर घेतलेली चूक

नशिराबादच्या बॅटरीवाल्या चाचांचं नाव आधी घ्यायला हवं. त्यांच्यामुळे मी आज ट्रकवर आहे. झालं काय ते मग सांगतो. आठवीत शाळा सोडलेला माणूस मी, जमेल तसं लिहितो.

माझं गाव कोकणात, खाडीकाठी. ट्रकचे मालक धुळ्याचे. चार वर्षं झाली, केबिन हेच घर. सीटमागच्या फळीवर झोपतो, तिथंच जेवतो. एक पंखा, एक दिवा, मोबाईलचा चार्जर आणि कोपऱ्यात गोधडीखाली झाकलेला छोटा फ्रिज. बघणाऱ्याला वाटायचं, गार पाण्याची हौस. आत माझ्या इन्सुलिनच्या बाटल्या असायच्या. माझ्या आधीच्या ड्रायव्हरला एकदा स्टिअरिंगवर चक्कर आली, तर मालकांनी दुसऱ्याच दिवशी त्याला गावी धाडलं होतं. मला साखर आहे हे त्यांना कळलं असतं तर मीही गेलो असतो. आणि माझ्या घरी कमावणारा दुसरा कोणी नाही.

मे महिन्यात नशिराबादजवळ एका गोदामाबाहेर माल उतरायची वाट बघत गाडी उभी होती. तीन दिवस. खानदेशातलं ते ऊन. दुपारी केबिनच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसायचा. इंजिन चालू ठेवून बॅटरी भरावी म्हटलं, तर मालकांना धुळ्यात बसून मोबाईलवर दिसतं, गाडी उभी आणि इंजिन चालू. लगेच फोन. म्हणून सगळं बॅटरीवरच.

तिसऱ्या दिवशी दुपारी फ्रिजचा आवाज थांबला. मी चावी फिरवली. नुसतं टक् झालं, इंजिन हललंही नाही. बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि तिथंच बसून राहिलो. औषध खराब झालं की नाही हे नुसतं बघून कळत नाही. पाण्यासारखं होतं ते, तसंच दिसत होतं.

रस्त्यापलीकडे चाचांचं दुकान होतं. मालकांच्या सगळ्या गाड्यांच्या बॅटऱ्या तेच बघायचे. बॅटरीतलं पाणी तपासायची काचेची नळी घेऊन आले. आमच्या गाडीला दोन बॅटऱ्या जोडून लागतात. एक पार मेलेली, दुसरीतलं पाणी जास्त चार्ज होऊन आटलेलं. चाचांनी एक वायर धरली आणि तिच्या मागोमाग केबिनमध्ये आले.

"बैलजोडीतल्या एकाच्याच मानेवर सगळं ओझं टाकलंस, बेटा," ते म्हणाले. "एक उपाशी मेला, दुसरा खाऊन खाऊन फुगला."

पंखा, दिवा, फ्रिज, सगळं मी एकाच बॅटरीवरून घेतलं होतं. रस्त्यावरचे निम्मे ड्रायव्हर तसंच करतात. मला त्यात चूक आहे हेच ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी फडक्यातल्या बाटल्या बघितल्या.

"कोणाची?"

"माझी."

त्यांनी फडकं पुन्हा नीट गुंडाळून ठेवलं. तेवढ्यात मालकांचा फोन आला, बॅटरी बसल्याचं त्यांना मोबाईलवर दिसलं होतं. चाचांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि स्पीकर लावला. मालकांनी विचारलं, ड्रायव्हरनं काही जोडलं होतं का.

"नाही शेठ. मागच्या महिन्यात पाणी मीच टाकलं होतं. कमी पडलं. माझी चूक."

"चाचा, आते तुमना डोया गयात," मालक त्यांच्या अहिराणीत हसत म्हणाले, म्हणजे आता डोळे गेले तुमचे.

चाचाही हसले. मग फोन मला परत दिला.

बाटल्या डॉक्टरनं टाकून द्यायला लावल्या. एक नवी घेतली, ती दोन दिवस चाचांच्या घरच्या फ्रिजमध्ये राहिली. त्यांनी फ्रिजसाठी वेगळी जुनी बॅटरी बसवली आणि टपावर सोलरची एक पाटी. कोणी विचारलं तर पंख्यासाठी आहे म्हणायचं, असं शिकवलं.

त्यानंतर मालकांनी आपल्या सगळ्या गाड्या धुळ्यात दुसऱ्याकडे न्यायला लावल्या. म्हाताऱ्याला दिसत नाही, असं ते धुळ्याजवळच्या सोनगीरच्या ढाब्यावर सगळ्या ड्रायव्हरांसमोर सांगत होते. मी तिथंच बसलो होतो. गप्पच राहिलो.

अजून गप्पच आहे. मधे एकदा नशिराबादवरून गेलो, तर चाचा दुकानात रिकामे बसले होते. मी हॉर्नही वाजवला नाही. कुठल्या तोंडानं समोर जाऊ? साखर सकाळी कधी तीनशेच्या वर असते. अशानं हे स्टिअरिंग किती दिवस हातात राहील, देव जाणे.

पण ज्या दिवशी ते सुटेल, त्या दिवशी आधी सोनगीरला जाईन. ढाब्यावर बसणाऱ्या त्याच सगळ्या ड्रायव्हरांपुढे मालकांना सांगेन, वायर माझी होती, म्हाताऱ्याचे डोळे शाबूत आहेत. चाचा, एवढं मी करणार.