वाडीचे अंगठे

माझी शाळा चौथीपर्यंत. त्यातली दोन वर्षं गुरुजी यायचेच न्हाईत, म्हणजे खरं तर दुसरीच धरा. पण सही मला येते. आमच्या वाडीत त्या काळी थोरल्या माणसांत सही करणारा मी एकटा होतो, बाकी सगळे अंगठेवाले. त्याची मला लई घमेंड होती. ही गोष्ट त्या घमेंडीपायी झाली हे आधीच लिहून टाकतो. मागून कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं सगळा दोष दुसऱ्यावर लोटला. दोष दुसऱ्याचा होताच. पण त्याला दार मी उघडून दिलं.

आमची वाडी माळावर, गाव खाली ओढ्याकाठी. बाजाराला कधी जळकोट, कधी मुखेड, आणि कचेरीचं काम निघालं की अहमदपूर. गाव आणि वाडी मिळून ग्रामपंचायत एकच. गावाचे सहा मेंबर, वाडीचे तीन, त्यातला एक मी. पिण्याच्या पाण्याची विहीर गावात. वाडीच्या बाया माळ उतरून जायच्या, गावातल्या बायांचं भरून होईपर्यंत बाजूला उभ्या राहायच्या, मग आपलं भरून माळ चढायच्या. वाडीला आपली विहीर पाहिजे, एवढंच आमचं मागणं होतं. पण सरकारी विहिरीला पंचायतीचा ठराव लागायचा, आणि नवातल्या तीन हातांनी ठराव होत न्हाई. सरपंच आपला असला तरच काही होईल, हे आम्हाला कळून चुकलं होतं.

गावात माझा एक मैतर होता. त्याच्याकडं एक बैल, माझ्याकडं एक. त्याचा तांबडा, माझा पांढरा. एका बैलावर ना नांगर चालत ना पेरणीची तिफण, म्हणून आमची सावड. दोघांचे बैल एका जुवाखाली जोडायचे. एका वर्षी आधी त्याचं रान पेरायचं मग माझं, दुसऱ्या वर्षी आधी माझं मग त्याचं. सावडीला कागद नसतो, साक्षीदार नसतो. आपलं पेरून झालं म्हणून ज्यानं दुसऱ्याच्या बारीला पाय मागं घेतला, त्याला पुढं कुणी बैल देत न्हाई, अन् बोलतही न्हाई. माझी आई गेली त्या साली तिसऱ्या दिवसाचं उरकून मी घरी न जाता त्याच्या रानात गेलो होतो. जमिनीत पेरणीजोगा वाफसा होता आणि बारी त्याची होती. त्यानं मला परत जा म्हणलं, मी गेलो न्हाई. अशी आमची सावड अठरा-वीस वर्षांची.

एका इलेक्शनला गावाच्या सहा मेंबरांत फूट पडली. तीन इकडं, तीन तिकडं. मैतर त्यातल्या एका बाजूचा. तो माळ चढून माझ्या ओसरीवर आला.

"तुमचे तीन हात मला द्या," म्हणला. "ह्या खेपेला सरपंच मी. पुढच्या इलेक्शनला वाडीचा, म्हणजे तू. माझी माणसं तुला हात देतील."

"देतील?"

"अरे, आपली सावडच समज की."

त्यानं दुसरं काही म्हणलं असतं, देवाची शपथ घातली असती, तरी मी चार दिवस विचार केला असता. सावड म्हणला आणि मी उठून चहा ठेवायला सांगितला. पंचायतीची बारी आणि रानातली बारी एकच असते असं मी धरून चाललो. माझ्यासारखा बैलवालाच अशी चूक करतो.

तो सरपंच झाला. विहिरीचं काढलं की म्हणायचा, "आता गाववाले मला खाऊन टाकतील. तुझ्या बारीत तू कर ना. पाच वर्षं कशी जातील कळायचं बी न्हाई."

मला पाच वर्षं कळली न्हाईत. माझ्या बायकोला कळली. त्यातली शेवटची दोन दुष्काळाची. गावातल्या विहिरीचा तळ खरवडायची पाळी आली, टँकर आला, तोही गावातच थांबायचा. माळ चढत न्हाई म्हणायचा ड्रायव्हर. बायको डोक्यावरची घागर उतरवताना एक दिवस म्हणली, "आवं, तुमची बारी येईल तवा माझं डोकं तरी जाग्यावर राहील का?" ती हसून म्हणली, मीही हसलो. इलेक्शन जवळच आलं होतं.

त्याच सुमाराला नव्या जिल्ह्याचं निघालं. लातूरचा जिल्हा होणार. हॉटेलात बसलं की तोच विषय. कुणी म्हणे आपण लातुरात, कुणी म्हणे आपल्याला नांदेडला जोडणार. एक जण म्हणला, "माझा गोठा ओढ्याच्या पलीकडं हाय. म्हणजे मी लातूरचा अन् म्हैस नांदेडची. दूध काढायला एस्टीनं जावं लागतं का बघा." लई हसलो. नवा जिल्हा म्हणजे कचेरी जवळ, विहीर लवकर, असं मी वाडीला सांगत फिरायचो.

मग मैतर एक कागद घेऊन आला. कागद ग्रामसेवकाच्या अक्षरातला, दोन्ही अंगाला लिहिलेला. "वाडीच्या विहिरीचा अर्ज हाय," म्हणला. "थेट कलेक्टरला. वाडीतले सगळे अंगठे पाहिजेत. तू फिरवलास तर एका दिवसात होईल."

मी कागद हातात घेतला. वरची ओळ वाचली, "मा. जिल्हाधिकारी साहेब". दुसरी ओळ वाचली, "विनंती अर्ज". मला वाचायला वेळ लागतो, बोट ठेवून वाचावं लागतं, ओठ हलतात. तो समोर उभा. माझे ओठ त्याला दिसू नयेत म्हणून मी मान हलवली, बरोबर हाय म्हणलं, आणि कागद उलटून खाली सही केली. माझ्या सहीच्या शेवटच्या अक्षराची शेपटी मी लांब ओढतो. त्या दिवशी जरा जास्तच ओढली.

मग शाईचा डबा घेऊन घरोघर फिरलो. विहिरीचा अर्ज म्हणल्यावर कुणी नको म्हणेना. एक म्हातारी तर दोन्ही अंगठे पुढं करून म्हणली, "एकानं होत नसंल तर दुसरा बी घे बाबा."

नवा जिल्हा झाला. इलेक्शन आलं न्हाई. ग्रामसेवकानं चावडीवर वाचून दाखवलं की पुनर्रचना चालू हाय, निवडणुका पुढे ढकलल्या, तोवर जुनी बॉडी काम बघील. सगळीकडंच तसं होतं, म्हणून मला राग आला न्हाई. मैतर म्हणला, "सरकारचं काम करून राहिले ते. चार-सहा महिने." मी म्हणलं हाव.

वरीस गेलं. पुढचा पाऊस बरा झाला. त्या साली आधी बारी माझी होती. माझं रान पेरून झालं, दुसऱ्या दिवशी त्याचं धरायचं होतं. त्याच दिवशी दुपारी शेजारच्या गावाकडून हलगीचा आवाज आला. पोरं गुलालानं लाल होऊन रस्त्यानं चालली होती. काय झालं म्हणून विचारलं, तर इलेक्शन झालं म्हणाले. त्यांचंही गाव नव्या जिल्ह्यातच. मी तसाच एस्टीत बसलो आणि अहमदपूर गाठलं.

कचेरीत एक तरुण क्लार्क होता. मुखेडकडचा, बौद्ध घरातला, बाप मजुरी करायचा त्याचा, हे त्यानंच नंतर चहा पाजताना सांगितलं. मी विचारलं, "आमच्या गावानं काय घोडं मारलं? आमचं इलेक्शन का न्हाई?"

त्यानं फाईल काढली. दोन पानं उलटली आणि माझ्याकडं बघितलं. "बाबा, तुमच्या गावाचाच अर्ज हाय की. इलेक्शन नको म्हणून."

"आमचा? कुणाचा?"

"सगळ्या वाडीचा. हे बघा अंगठे. वाचून दाखवू?"

"मला वाचता येतं," मी म्हणलं.

त्यानं फाईल माझ्याकडं फिरवली. मी बोट ठेवलं. मागं रांगेत माणसं होती, माझे ओठ हलत होते, हलू दिले. लिहिलं होतं की सदर गाव कोणत्या जिल्ह्यात राहणार याबद्दल लोकांत संभ्रम आहे. पुढं लिहिलं होतं की दुष्काळामुळे वाडीतील लोक पाण्यासाठी वणवण करीत आहेत. आणि मग, तरी पुढील आदेशापर्यंत निवडणूक घेऊ नये ही विनंती. विहीर हा शब्द त्यात कुठंच नव्हता. आमची तहान होती, ती सुद्धा त्यानं आपल्या खुर्चीखाली घातली होती. आणि पान उलटलं तर सगळ्या अंगठ्यांच्या वर माझी सही. लांब शेपटीची.

क्लार्क म्हणला, "दुसरा अर्ज द्या. हा अर्ज मागं घेतो म्हणून. पण ज्यांचे अंगठे हायेत त्यांचेच पाहिजेत." मग त्यानं मला चहा पाजला. मी त्याचे पैसे देऊ केले, त्यानं घेतले न्हाईत.

घरी आलो. बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. म्हणली, "उद्या त्याच्या रानात जाऊ नका. आपलं पेरून झालंय."

"बारी त्याची हाय," मी म्हणलं.

सकाळी पांढरा घेऊन गेलो. तांबडा शेजारी जुंपला. तिफण धरली ती दिवस कलेपर्यंत सोडली न्हाई. दुपारी त्यानं भाकरीचं फडकं सोडलं, मी ओढ्यावर जाऊन पाणी पिऊन आलो. त्याला वाटलं उपास असंल. रानातलं शेवटचं तास पेरून झालं, मी जू उतरवलं आणि मग बोललो.

"अहमदपूरला गेलो होतो. कागद वाचला. सगळा वाचला."

त्यानं पायानं ढेकूळ फोडलं. मग म्हणला, "माझी माणसं तुला हात देईनात. वाडीचा सरपंच नको म्हणून राहिले. इलेक्शन झालं असतं तर तू पडला असतास, अन् मी खोटा ठरलो असतो. म्हणून म्हणलं जरा वेळ मिळू दे. मी तुझी बारी मोडली न्हाई गड्या. पुढं ढकलली."

"सावडीत बारी पुढं ढकलतात का? वाफसा थांबतो का कुणासाठी?"

"ते रान हाय, हे राजकारण हाय."

"मग माझ्या ओसरीवर येऊन सावड कशाला म्हणलास?"

मी पांढऱ्याचा कासरा धरला आणि निघालो. मागून त्यानं दोन हाका मारल्या. तांबड्यानं मात्र मान वळवून बघितलं, ते अजून डोळ्यासमोर हाय.

तो दिवस सोपा होता. अवघड पुढचा होता. त्याच घरांत, तोच शाईचा डबा घेऊन जायचं आणि सांगायचं की मागच्या वेळी तुमचा अंगठा मी कशावर घेतला. बायको म्हणली, सांगा की फसवलं त्यानं. मी पहिल्या दोन घरांत तसंच सांगितलं. तिसऱ्या घरात ती म्हातारी होती, दोन अंगठेवाली. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग तुला तर वाचता येतंय न्हवं?"

मी म्हणलं, "वाचलं न्हाई मी."

"का?"

"लाज वाटली. लई हळू वाचतो मी."

तिनं अंगठा पुढं केला, एकच. आणि म्हणली, "आता वाच. मी ऐकते." मी उंबऱ्यात बसून बोट ठेवून तिला सगळा अर्ज वाचून दाखवला. तिथून पुढं प्रत्येक घरात तसंच केलं, आणि मागं येऊन पहिल्या दोन घरांतही. दोन दिवस लागले.

अर्ज दिला, तरी इलेक्शन लगेच लागलं न्हाई. आणखी दोन पेरण्या गेल्या. त्या दोन पेरण्यांना मी पांढऱ्याच्या जोडीला गाय जुंपली. आमच्याकडं हे नामुष्कीचं काम. बांधावरून लोक म्हणायचे, "काय हो, घरची लक्ष्मी जुंपली का औताला?" मी म्हणायचो, "हाव. इमानाची हाय, म्हणून जुंपली."

शेवटी इलेक्शन आलं तेव्हा पुनर्रचनेत वाडीची पंचायत वेगळी झाली होती. म्हणजे माझी बारी ज्या पंचायतीत होती ती पंचायतच उरली न्हाई. वाडीनं सरपंच केला, पण मला न्हाई. माझ्या चुलत पुतण्याला केलं, दहावी झालेला होता. मला कुणी तोंडावर काही म्हणलं न्हाई. मीही विचारलं न्हाई. विचारलं असतं तर त्यांना खरं बोलावं लागलं असतं.

विहिरीचा ठराव पहिल्याच ग्रामसभेत झाला. रजिस्टर माझ्यासमोर आलं, पुतण्या म्हणला, "तात्या, इथं सही करा." मी रजिस्टर मांडीवर घेतलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. माणसं चुळबुळ करायला लागली. कुणी तरी म्हणलं, अहो विहिरीचाच हाय तो. बायांच्या बाजूनं माझ्या बायकोचा आवाज आला, "वाचू द्या त्यास्नी. इतकी वर्षं थांबलो, अजून घटकाभर थांबू." मी शेवटपर्यंत वाचलं. विहीर हा शब्द तीन वेळा होता. मग सही केली, शेपटी न ओढता.

मैतर अजून हाय. त्याचा तांबडा गेला, माझा पांढराही गेला, आता दोघांच्याही रानात भाड्याचं ट्रॅक्टर चालतं. पेरणीच्या दिवसांत तो कधी बांधावर येऊन उभा राहतो. राम राम म्हणतो. राम राम मी घेतो, ते कुणाचंही घ्यावं. मग तो म्हणतो, "झाली का पेरणी?" मी म्हणतो, "झाली." त्याची झाली का, हे मी त्या दिवसापासून विचारलेलं न्हाई.