दरीतली वाट

मोहफुलांचा वास आला की आजबी पाय दुखतात. बायकोच्या माहेराहून आम्ही दोघं दरीतल्या वाटेनं घरी चाललो होतो. उन्हात दगडं तापले होते, वाटेवर मोहफुलं पडले होते. ती म्हणाली, “पाय उचलत नाईत, जरा बसू द्या.” मी म्हटलं, “माहेरी तर हरणावानी पळत होती.” ती हसली आन चालत राह्यली. तिच्या अंगात ताप होता, मी हात लावून पाह्यला नाई. घरी पोचलो, त्याच राती पहाटेच्या आत तिनं जीव सोडला. सकाळी तीच दरी चढून सासूले सांगाले गेलो. “एकटेच काऊन आले, जवाईबापू? काई राह्यलं का इथी?” मी हो म्हटलं. तिनं भात वाढला. सांगितलं असतं तर त्या घरात चूल पेटली नसती. म्हणून आधी मी जेवलो, समोर बसून तिलेबी जेवू घातलं, आन मग सांगितलं.