सावली तपासणारे मावसाजी

अख्ख्या भंडारा जिल्ह्यात, म्हणजे अख्ख्या म्हणजे अख्ख्या, उन्हाळ्यातल्या लग्नाला येऊन कोणाच्याच तोंडाकडे न बघणारा माणूस एकच आहे आणि तो नेमका आमच्या नात्यात आहे. माझ्या मावशीचे थोरले दीर. आम्ही त्यांना मोठे मावसाजी म्हणतो. रामराम घालतात तोही तुमच्या पायाजवळच्या जमिनीकडे बघून. तुम्हाला वाटेल लाजतात. नाही हो! ते तुमची सावली तपासून राहिले असतात. भरदुपारी ती पायाशी एवढीशी गोळा झालेली असते ना, तिच्याकडे मान तिरपी करून बघतात आणि अगदी खालच्या आवाजात म्हणतात, “पातळ झाली तुही. बस. पाणी पे.” मग बसावंच लागतं, कारण ते समोरून हलत नाहीत. पापणीसुद्धा हलवत नाहीत.

लग्न कुठंही असो, मावसाजी उजाडायच्या आत आपल्या गावाहून, अड्याळहून, पायी निघतात. खांद्यावर आंबिलीचं मडकं, खिशात कांदा, डोक्याला ओला दुपट्टा. पंगत उठली की पोटं जड झालेल्या पाहुण्यांना मांडवाच्या कडेनं पाच फेऱ्या मारायला लावतात. एकदा एक व्याही चिडले, “कायले जी, माहं लग्न लागून राहिलं का?” मावसाजींनी त्यांच्याकडे बघितलंच नाही, त्यांच्या सावलीला म्हणाले, “याले समजत नाई. तू तरी चाल.” आणि आई शप्पथ, व्याही उठले! घाबरूनच उठले असतील, पण उठले. आम्ही पोरं हसायचो खूप. पण ते हसू अर्ध्यातच थांबायचं, कारण मावसाजी चुकत नाहीत. “तुही निघून राहिली,” असं ते ज्या फोटोवाल्याला म्हणाले, तो हसत हसत गेला आणि अर्ध्या तासात बाजेवर आडवा होता. शिवाय नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ जळत्या दिवसांतही, त्यांचा हात माठासारखा गार लागतो. कपाळावर ठेवला की बरं वाटतं आणि अंगावर काटाही येतो.

हे सगळं कुठून आलं ते मावशीनं मला सांगितलं. त्यांची बायको अशाच एका लग्नात, मे महिन्यात, वरातीत नाचता नाचता ऊन लागून गेली. मावसाजी समोरच उभे होते. “ती हासून राहिली होती,” एवढंच ते मावशीला म्हणाले होते. तेव्हापासून तोंडावर विश्वास नाही.

या मे महिन्यात मावशीच्या मुलाचं, म्हणजे आमच्या दादाचं लग्न होतं कोंढ्याला. मुहूर्त साडेबाराचा, आणि एक वाजला तरी वरात तलावाच्या पाळीवरच, त्या मातीच्या बांधावर! धुमाल, आमच्याकडचा ढोलताशांचा ताफा, असा वाजत होता की पोटात दणके बसत होते. तलाव आटलेला, नुसता भेगाळलेला गाळ, त्याच्यावर हवा थरथरत होती, एक पाखरू ओरडत नव्हतं. दादाला मित्रांनी गाडीतून ओढून नाचायला लावलेलं, अंगात ती जाड शेरवानी. तेवढ्यात गर्दी फाटली. मावसाजी आले आणि सरळ दादाच्या सावलीच्या डोक्यावर पाय ठेवून उभे राहिले.

“हालू नको,” म्हणाले. “जाऊन राहिली ते.”

धुमाल थांबला. दादाचे वडील ओरडले, “भाऊ, आजच्या दिवशी तरी नका करू जी हे! मुहूर्त टळून राहिला, तिकडं पोरगी बसली आहे न!”

“मोठे बाबा, मी ठीक आहो,” दादा हसला.

“हासू नको,” मावसाजींचा आवाज फाटला. “हासू नको रे बापू.”

सगळे त्यांना बाजूला ओढायला लागले. धुमालातल्या एका पोरानं ढोलावर काठी फिरवली, धुमाल परत सुरू झाला आणि मी खाली बघितलं. सगळ्यांच्या सावल्या ठोक्यावर उडत होत्या. दादाची एक ठोका मागे होती. दादा खाली आला तरी ती अजून खाली येत होती. उन्हामुळं डोळे दिपले असतील माझे, माहीत नाही. पण मी किंचाळले, “थांबा! मला पण दिसली!” आणि दादाचा हात धरला. हात कोरडा! घामाचा थेंब नाही, नुसता तवा. दादा माझ्याकडे बघून पुटपुटला, “थंडी वाजून राहिली बे.”

मग काय! पाळीजवळच्या आंब्याखाली आडवा केला, शेरवानी काढली, ओले दुपट्टे अंगभर, पाय वर, पंखे. जरा भानावर आल्यावर मीठ-साखरेचं पाणी, घोट घोट. नात्यातली एक नर्स ताई होती, ती म्हणाली, अजून थोडं नाचला असता तर भारी पडलं असतं. अक्षता संध्याकाळी पाचला पडल्या, त्याच आंब्याखाली. नवरीनं हार घालायच्या आधी दादाचं कपाळ चाचपलं, तेव्हा सगळे हसले.

मी आणि मावसाजी पाळीवरून परत निघालो तेव्हा सावल्या लांबच लांब झाल्या होत्या. ते म्हणाले, “पोरी, आपली आपल्याले कळत नाई. पाह्य बरं, माही कशी आहे.”

मी बघितली. होती, पण विरलेल्या धोतरासारखी. तिच्यातून गवत दिसत होतं.

“जाड आहे जी,” मी म्हटलं. “एकदम जाड.”

मावसाजी माझ्या सावलीकडे बघत होते. “खोटी बोलते,” ते हळूच म्हणाले.

मी बाटली पुढे केली. ते पाळीवर खाली बसले आणि एखाद्या शहाण्या लेकरासारखे, थांबून थांबून, सगळं पाणी प्याले. मी त्यांच्या आणि उन्हाच्या मध्ये उभी राहिले.